गाडीची नंबर प्लेट: आमच्या केंद्रावर रोज विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला ही नेहमीची कामं. २०२५ उजाडलं आणि त्यात नंबर प्लेटची भर पडली. बाजाराच्या दिवशी तर निम्मे लोक त्याच कामाला येतात आणि प्रश्नही तेच ते विचारतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. प्रश्न लोकांच्याच तोंडचे ठेवलेत, उत्तरं माझी.

माही गाडी २०१४ ची हाये. तिले नवी प्लेट लागते का?

लागते. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे सगळे जिला एचएसआरपी म्हणतात ती, मालकाने स्वतः बसवून घ्यायची आहे. दुचाकी, ऑटो, पिकअप, ट्रॅक्टर, ट्रक, कुणीच सुटलेलं नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना ती शोरूममधूनच लागून येते.

महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती. मग ३० एप्रिल झाली, ३० जून झाली, १५ ऑगस्ट झाली, ३० नोव्हेंबर झाली, ३१ डिसेंबर झाली. तारीख अशी सरकत गेल्यामुळे "अजून वाढंल न भाऊ" म्हणणारे भरपूर भेटतात. माझं म्हणणं एवढंच की तारखेकडे पाहत बसू नका. गाडी विकायची असेल, कर्जाचा बोजा चढवायचा किंवा उतरवायचा असेल, तर ही प्लेट नसलेल्या गाडीचं काम आरटीओत अडतं. आणि ते नेमकं पैशाची गरज असते तेव्हाच अडतं.

नवी प्लेट म्हणजे नंबर बदलते का?

नाही. नंबर तोच राहतो, पाटी तेवढी बदलते. एमएच २९ यवतमाळची, २७ अमरावतीची, ३० अकोल्याची, ३२ वर्ध्याची, ३४ चंद्रपूरची, ३७ वाशिमची, हे सगळं आहे तसंच. वडिलांच्या गाडीचा नंबर जाईल म्हणून एक पोरगा सहा महिने थांबला होता. त्याला आधीच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खर्च किती येते?

राज्य सरकारने ठरवलेला दर दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकी व बाकी सगळ्या गाड्यांना ७४५ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातात पावती येते ती दुचाकीची ५३१ रुपयांची, ऑटोची ५९० ची आणि कारची ८७९ रुपये १० पैशांची. यात पुढची-मागची दोन्ही पाट्या, त्यांची कुलपं आणि बसवण्याची मजुरी आली. बसवणाऱ्या पोराने "क्लिपचे शंभर वेगळे" म्हटलं तर त्याची पावती मागा. पावतीचं नाव काढलं की बहुतेक वेळा ते शंभर आपोआप गायब होतात.

फॉर्म भरून देणारा दुकानदार आपले पन्नास-शंभर घेतो. मीही घेतो. पण ते माझ्या कामाचे. सरकारी रक्कम वेगळी आणि ती ऑनलाइनच भरायची.

फॉर्म भराले काय काय आणू?

आरसी आणा, आणि गाडी घेऊनच या. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे शेवटचे पाच आकडे लागतात. जुन्या आरसी पुस्तकात ते पुसट झालेले असतात, कधी पानच वाळवीने खाल्लेलं असतं. मग गाडीवरून वाचावे लागतात.

मोटरसायकलचा चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. हँडल पूर्ण डावीकडे वळवा म्हणजे उजवी बाजू दिसते. आपल्याकडच्या गाड्यांवर तिथे चार-पाच वर्षांची काळी माती आणि ग्रीस यांचा थर बसलेला असतो, नखाने निघत नाही. मी दुकानात रॉकेलची बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश ठेवलाय. घासलं की आकडे वर येतात. ३ आणि ८ मध्ये घोळ होतो, म्हणून मोबाइलचा टॉर्च आडवा धरून वाचायचा.

तिसरी गोष्ट चालू मोबाइल नंबर. अपॉइंटमेंटचे मेसेज त्यावर येतात. आरसीला दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नंबर जोडलेला असेल तर तोही बदलून घ्या, म्हणजे चलान आलं तरी कळेल.

"माहिती जुळत नाही" असं येते. आता?

दोन शक्यता असतात. एक, आकडा चुकीचा टाकला. पुन्हा घासा, पुन्हा वाचा. दुसरी, तुमच्या जुन्या गाडीची नोंद 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेलीच नाही किंवा अर्धवट चढली आहे. हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकांच्या बाबतीत असं होतं. तेव्हा जिथे गाडीची नोंदणी झाली त्या आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. मूळ आरसी सोबत न्या. हे काम माझ्यासारख्याच्या दुकानात होत नाही, "करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गाडी काकाच्या नावावर, चालवतो मी. मीच नेली तं चालते का?

चालतं. गाडी, आरसीची प्रत आणि बुकिंगची पावती पाहिजे. मालकानेच यायला पाहिजे असं नाही. गाडी मात्र समोर असावीच लागते. पाटी हातात देऊन "घरी बसवा" असं करता येत नाही, कारण तिचं कुलूप बसवलं की बसलं. काढायला गेलं तर तुटतं, परत लागत नाही.

बसवाचं केंद्र लय दूर हाये. त्याले काही उपाय?

या प्रश्नावर मी लोकांच्याच बाजूचा आहे. आमच्याकडच्या काही गावांतून केंद्रावर जाऊन यायचं म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. पेट्रोल प्लेटच्या निम्म्या किमतीचं, वर दिवसाची मजुरी बुडते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोण जाणार? आमच्या शेजारच्या गावातले सहा जण अपॉइंटमेंट घेऊन पोचले तर प्लेटा आलेल्याच नव्हत्या. दुसरी तारीख मिळाली. केंद्राचं नाव लिहीत नाही, पण तेव्हापासून मी एक नेम केलाय. निघायच्या आदल्या दिवशी पावतीवरच्या नंबरला फोन करून "पाटी आली का?" हे विचारायचं, आणि हो म्हटल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही.

दुसरं म्हणजे गाडी जिथे नोंदली तिथलंच केंद्र घ्यावं लागतं असं नाही. एमएच २९ ची गाडी घेऊन पोरगा पुण्यात कामाला असेल तर त्याने बुकिंग करताना पुण्याचं कार्यालय निवडावं. गावी यायची गरज नाही. तसंच तुम्हाला यवतमाळपेक्षा दुसऱ्या जिल्ह्याचं केंद्र जवळ पडत असेल तर तेही पाहा.

गूगलवर वेबसाइट सापडली, पैसे भरले, पण पावतीच नाही आली.

मग बहुतेक गेले. २०२५ मध्ये या कामाच्या बनावट वेबसाइट निघाल्या, पोलिसांनी तसा इशाराही दिला होता. खऱ्यासारखंच पान, खऱ्यासारखाच फॉर्म, शेवटी कुणाच्या तरी खात्याचा क्यूआर कोड.

राज्यात हे काम विभाग पाडून तीन कंपन्यांना दिलं आहे आणि प्रत्येकीची बुकिंगची साइट वेगळी. त्यामुळे नुसतं नाव शोधून आत शिरू नका. आधी महाराष्ट्र परिवहन विभागाचं सरकारी संकेतस्थळ उघडा, तिथे एचएसआरपीच्या दुव्यावर दाबा, आपलं आरटीओ कार्यालय निवडा. तेच तुम्हाला बरोबर साइटवर नेऊन सोडतं. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० वर फोन करा. जितका उशीर तितकं परत मिळणं कठीण.

असली-नकली कसं वयखाचं?

बाजारात "सेम टू सेम" म्हणून दीड-दोनशेला मिळते ती नकली. खरी पाटी ॲल्युमिनियमची असते, अक्षरं ठोकून वर उठवलेली. डाव्या वरच्या कोपऱ्यात निळसर चमकणारं अशोकचक्राचं होलोग्राम असतं, २० मिलिमीटर लांब-रुंद. त्याच बाजूला निळ्या अक्षरांत 'आयएनडी' आणि खाली लेझरने कोरलेला क्रमांक. हा क्रमांक पुढच्या पाटीचा वेगळा, मागच्याचा वेगळा, आणि दोन्ही तुमच्या गाडीच्या नोंदीशी जोडलेले. पाटी तिरपी धरली की पांढऱ्या कागदात 'इंडिया' हा शब्द तिरका छापलेला दिसतो. नकलीवर होलोग्राम स्टिकरसारखं नखाने उचकतं.

चारचाकीला याशिवाय समोरच्या काचेवर आतून एक स्टिकर येतं. डिझेल गाडीचं नारिंगी, पेट्रोल-सीएनजीचं फिकट निळं.

माह्या गाडीनं नागपूर पाह्यलंच नाही, अन् चलान नागपूरचं आलं. हे कसं?

हे आमच्याच घरी झालं. माझ्या काकांची स्प्लेंडर दूध घालायला जाते, बस. एका सकाळी त्यांच्या मोबाइलवर हेल्मेटचं चलान, ठिकाण नागपूरचा चौक. काकांना वाटलं मी गाडी नेली, मला वाटलं चुलतभावाने नेली. घरात दोन दिवस भांडण. मग चलानासोबतचा फोटो मोठा करून पाहिला. नंबर काकांचाच, पण त्या गाडीची चाकं काळ्या अलॉयची. काकांच्या गाडीला तारांची चाकं आहेत, आणि मागे दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंग करून घेतलेला हूक आहे, तो फोटोत नाहीच.

कुणीतरी रस्त्यावर पाहून तो नंबर साध्या पत्र्यावर रंगवून घेतला होता. पेंटरला तुम्ही जो नंबर सांगाल तो तो लिहून देतो. आरसी कोण मागतंय?

असं झालं तर चलान भरून टाकू नका. भरलं म्हणजे कबूल केल्यासारखं होतं. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. आपल्या गाडीचे चारही बाजूंनी फोटो, आरसी आणि चलानातला फोटो जोडून तक्रार टाका, आणि जवळच्या ठाण्यातही लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील, तेव्हा हा कागद कामी पडतो. काकांचं चलान रद्द व्हायला महिनाभर लागला. नवी प्लेट त्यांनी त्याच आठवड्यात बुक केली, मी वर्षभर सांगत होतो तेव्हा नाही.

प्लेटवर 'जय गजानन' लिहिलं तं काय होते?

प्लेटवर नंबराशिवाय काहीच चालत नाही. 'जय गजानन' नाही, 'पाटील' नाही, 'सरपंच' नाही, पोरीचं नाव नाही. मागच्या मडगार्डच्या फ्लॅपवर किंवा समोरच्या वायझरवर लिहा, महाराज तिथूनही पाहतात.

आकड्यांची कसरतही बंद. ४१४१ चं 'दादा' करणं, २१४ चं 'राम' करणं, ८०५५ चं 'बॉस' करणं, यात पेंटरची कला असेल, पण नियमात आकड्याची उंची, जाडी आणि मधली जागासुद्धा मिलिमीटरमध्ये दिलेली आहे. मोटरसायकलच्या मागच्या पाटीवर आकडे ४० मिलिमीटर उंच, पुढच्या पाटीवर ३०. चारचाकीला ६५. नवी पाटी मशीनवरच निघते, त्यामुळे वाकडंतिकडं करायला जागाच नाही. ज्यांना हौसच आहे त्यांनी नंबर विकत घ्यावा. ०००१ साठी चारचाकीला ५ लाख रुपये फी आहे, मुंबई-पुण्यात ६. तेवढ्यात आमच्याकडे ट्रॅक्टर येतो.

मराठीत नंबर लिहिला तं? आपलंच राज्य हाये न!

मनाला लागतं, पण नाही चालत. केंद्रीय मोटार वाहन नियमातला ५० वा नियम सांगतो की अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय. देवनागरीत लिहिलेली पाटी कॅमेऱ्याला वाचायला अडचण जाते, आणि काही लोक नेमकं त्याचसाठी मराठीचा आधार घेतात हेही खरं.

ट्रॅक्टरले लागते हे समजलं. ट्रॉलीचं काय?

ट्रॉली कायद्याने वेगळी नोंदवायची असते, तिला स्वतःचा नंबर असतो. ट्रॅक्टरचा नंबर म्हणजे ट्रॉलीचा नंबर नव्हे. आता आपल्याकडची वस्तुस्थिती सगळ्यांना माहीत आहे. तालुक्यातल्या वर्कशॉपमधून ट्रॉली बनवून आणली, लाल रंग दिला, मागे 'शेतकरी राजा' लिहिलं, झालं काम. कापूस जिनिंगला जाऊन येईपर्यंत कुणी विचारत नाही. पण रस्त्यावर अंधारात मागून कुणी धडकलं की विम्याचा माणूस पहिला प्रश्न ट्रॉलीच्या नोंदणीचाच करतो, आणि मग वावर विकून भरपाई द्यायची पाळी येते. नवी ट्रॉली घेताना बनवणाऱ्याकडून नोंदणीचे कागद आधी मागा, रंग मग ठरवा.

शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरची पाटी पांढरी. मुरूम-रेतीच्या भाड्यासाठी धंद्याची नोंदणी असेल तर पिवळी.

पाटीचे रंग किती असतात?

खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळं. काळी-पिवळी, ऑटो, ट्रक अशा भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं. बॅटरीची खाजगी गाडी हिरव्यावर पांढरं, बॅटरीचीच भाड्याची असेल तर हिरव्यावर पिवळं. लाल पाटीवर पांढरा नंबर दिसला तर ती शोरूमची गाडी. तात्पुरता नंबर पिवळ्यावर लाल.

बॅटरीची छोटी स्कूटी घेतली, दुकानदार म्हणे नंबर लागतच नाही.

मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर खरंच लागत नाही. पण तीच गाडी चाळीसने पळत असेल तर दुकानदाराने तुम्हाला गुंडाळलंय. कागदावर वॅट वाचा.

चिखलानं नंबर झाकला तरी दंड?

होऊ शकतो. नंबर वाचता आला पाहिजे, एवढंच नियमाला कळतं. आपली काळी माती पावसाळ्यात चाकाला धरते आणि मागची पाटी पंधरा मिनिटांत गुळगुळीत काळी करून टाकते. वावरातून डांबरी रस्त्याला लागताना बाटलीभर पाणी मारा, हाताने पुसा.

त्याहून वाईट म्हणजे लोंबणारं ओझं. कुटाराचं पोतं, हरभऱ्याचं गाठोडं, पऱ्हाटीचा भारा, सगळं मागच्या सीटवरून खाली येतं आणि नंबरासोबत लाल दिवाही झाकतं. रात्री मागचा नंबर पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता यावा असं नियम सांगतो. आमच्याकडे दिवाच पेटत नाही अशा किती गाड्या आहेत ते बाजाराच्या संध्याकाळी फाट्यावर उभं राहून मोजा.

पुढची प्लेट नसली तं चालते का? मडगार्ड तुटलाय.

नाही. दोन्ही पाहिजेत, आणि पुढची हँडलला समांतर, समोरून दिसेल अशी. जुन्या गाड्यांवर मडगार्डच्या लांबीत आडवी बसवलेली पाटी असायची, बाजूने वाचायची, ती पद्धत गेली. मडगार्ड आधी दुरुस्त करून मगच केंद्रावर जा, नाहीतर तिथून परत पाठवतात.

गाडी मध्य प्रदेशची हाये, वरूडच्या नातेवाइकाकडून घेतली.

वरूड, धारणी, पांढरकवड्याकडे हा प्रश्न जास्त. दुसऱ्या राज्याची गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणा. इथला नंबर मिळेपर्यंत मध्य प्रदेशच्या गाडीची नवी पाटी त्या राज्याच्या व्यवस्थेतूनच मिळेल, आपल्या पोर्टलवर ती गाडी दिसणार नाही. आदिलाबादकडच्या गाड्यांवर टीएस आणि टीजी दोन्ही दिसतं, त्यात काही खोटं नाही. तेलंगणाने मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी द्यायला सुरुवात केली.

सेकंड हँड गाडी, आधीचा मालक सापडत नाही.

प्लेट बसेल, कारण ती गाडीची आहे. नाव मात्र बदलणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही लागते. कायदा म्हणतो विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवावं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्याकडे शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतात आणि पाच वर्षं तसेच फिरतात. विकणाऱ्यांनो, जोवर आरसीवर तुमचं नाव आहे तोवर चलान तुमच्याच मोबाइलवर येणार.

नवी गाडी घेतली, शोरूमवाला म्हणे प्लेट महिन्यानं.

प्लेटशिवाय गाडी ताब्यात घेऊच नका. दसऱ्याला हार घालून, पेढे वाटून 'ए/एफ', म्हणजे नंबरासाठी नुसता अर्ज केलाय, असं लिहिलेली गाडी घरी नेणं गुन्हा आहे, मुहूर्त कितीही चांगला असो. प्लेटचे वेगळे पैसेही द्यायचे नाहीत, ती गाडीसोबतच येते.

दंड नेमका किती?

नोंदणीच नसलेली गाडी चालवली तर कलम १९२, पहिल्यांदा ५ हजारांपर्यंत, पुन्हा सापडल्यास १० हजारांपर्यंत. बाकी सर्वसाधारण चुकांना कलम १७७ आहे, मूळ कायद्यात पहिल्यांदा ५०० आणि नंतर १५००. पोलीस सोबत दुसरी कलमं जोडतात तेव्हा आकडा वाढतो. खोटा नंबर लावलेला निघाला तर मात्र चलानावर भागत नाही, फौजदारी गुन्हा दाखल होतो. बुकिंग करून ठेवलं असेल तर पावती मोबाइलमध्ये ठेवा, मुदतवाढीच्या वेळी अपॉइंटमेंट घेतलेल्यांवर कारवाई करू नये असं विभागानेच सांगितलं होतं.

प्लेट चोरीले गेली.

ठाण्यात तक्रार, तिची प्रत, मग त्याच पोर्टलवर बदली पाटीचा अर्ज. पेंटरकडे जाऊ नका.

आबाची लुना कोठ्यात पडून हाये. तिले पण लावू का?

चालवायची असेल तर आधी तिची नोंदणी जिवंत आहे का पाहा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. ते न करता नुसती प्लेट लावून काही मिळत नाही. चालवायचीच नसेल तर भंगारात देण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करा आणि जुनी पाटी भंगारवाल्याच्या हाती देऊ नका. आमच्याकडे एका म्हाताऱ्याने लुना विकली नाही, प्लेटही काढली नाही. कोंबड्या तिच्यावरच बसतात. नंबर अजून वाचता येतो.